हात आधी, हँडस्टॉप नंतर

रायफलीच्या नळीखाली लावलेली उभी मूठ बहुतेकांनी पाहिलेली असते ती सिनेमात, नाहीतर मोबाइलवरच्या गेममध्ये. सैनिक ती आवळतो, बंदूक खांद्यात ओढून धरतो आणि धावता-वळताना नळी ताब्यात ठेवतो. रेंजवर नव्याने आलेली मुलं हेच चित्र डोक्यात घेऊन येतात. ५० मीटरच्या रायफलीखाली छोटा ठोकळा दिसला की त्यांची बोटं आपोआप त्याच्याभोवती मिटतात. सुरुवातीचे बरेच दिवस ती बोटं सोडवण्यातच जातात.

या ठोकळ्याला हँडस्टॉप म्हणतात. रायफलीच्या पुढच्या भागाला खालून एक लांब रेल असते. हँडस्टॉप तिच्या खाचेत पुढेमागे सरकतो आणि नट आवळला की पक्का होतो. स्लिंग, म्हणजे दंडापासून रायफलीपर्यंत जाणारा पट्टा, याच ठिकाणच्या कडीत अडकतो. झोपून मारताना, रेंजच्या भाषेत ‘प्रोन’मध्ये, रायफलीचं वजन हा पट्टा आणि डाव्या हाताची हाडं मिळून पेलतात. स्नायूंनी त्यात पडायचं नसतं. स्नायू थकतो आणि थकला की थरथरतो.

ती थरथर किती महागात पडते त्याचा हिशेब सोपा आहे. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिमी असतो आणि गोळीचा ५.६ मिमी. गोळीची कड रेषेला शिवली तरी दहा मिळतात, म्हणजे गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिमीच्या आत पडायला हवा. पुढची आणि मागची साईट यांच्यात मीटरभर अंतर धरा. पुढचं टोक दशांश मिलिमीटर हललं की तिकडे ५ मिमीचा फरक पडतो. दशांश गुणांच्या पद्धतीत तर १०.० पासून १०.९ पर्यंतची प्रत्येक पायरी ०.८ मिमीची आहे. ६० गोळ्यांच्या प्रोन स्पर्धेत ६५४ हे कमाल गुण, आणि चढाओढ चालते ती या अशा पायऱ्यांवर.

प्रोनशी आपलं नातं जुनं आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जागतिक विजेत्या झाल्या. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जॉयदीप कर्माकर याच प्रकारात चौथे आले. २०१६ नंतर स्वतंत्र प्रोन ऑलिंपिकमधून गेलं, पण तीन पोझिशनच्या स्पर्धेत नीलिंग (गुडघा टेकून) आणि स्टँडिंगच्या (उभं राहून) मध्ये ते आहेच. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समध्ये शातोरूच्या रेंजवर ४५१.४ गुणांनी कांस्यपदक घेतलं ते याच तीन पोझिशनमध्ये. त्यानंतर रेंजवर एक प्रश्न फार वाढला: “सर, हँडस्टॉप कितीवर लावू?” विचारणाऱ्याच्या मोबाइलमध्ये कुठल्यातरी पदकविजेत्याच्या रायफलीचा फोटो असतो आणि रेलवरचा आकडा मोठा करून पाहिलेला असतो.

तो आकडा तुमच्या कामाचा नाही. रेलवरची पट्टी कुठून सुरू होते ते रायफलीगणिक बदलतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बट, म्हणजे खांद्याला टेकणारा रायफलीचा मागचा भाग, किती लांब ठेवलं आहे हे माहीत नसेल, तर त्या आकड्याला अर्थच उरत नाही. समजा, बट १ सेमी लांब केलं. अख्खी रायफल खांद्यापासून १ सेमी पुढे गेली. हात जिथल्या तिथे ठेवायचा तर हँडस्टॉप रेलवर १ सेमी मागे आणावा लागणार. आकडा बदलला, हात मात्र तिथेच राहिला. म्हणून हाताची जागा आधी शोधायची आणि ठोकळा तिथे नेऊन ठेवायचा. पुढची सगळी कृती या क्रमाने चालते. ती उजव्या हाताने ट्रिगर दाबणाऱ्यांसाठी लिहिली आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलटी वाचावी.

तयारी

बोल्ट उघडा, चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग आणि नळी टार्गेटकडे. ड्राय फायरिंगला रेंज ऑफिसरची परवानगी घ्या. पहिलं अख्खं सत्र गोळीशिवाय करायचं आहे, त्यामुळे दारूगोळा पिशवीतच राहू द्या.

मॅट, शूटिंग जॅकेट, डाव्या हाताचा ग्लोव्ह, स्लिंग, रायफलीच्या मापाच्या ॲलन की, कापडी टेप, पेन्सिल आणि डायरी एवढं जवळ हवं. शिवाय एक माणूस हवा, जो बाजूने बघेल आणि फोटो काढेल. स्वतःची पोझिशन स्वतःला दिसत नाही. जे जाणवतं आणि जे असतं त्यांत बऱ्यापैकी फरक निघतो. जॅकेट आणि ग्लोव्ह घालूनच माप घ्यायचं. उकडतंय म्हणून टी-शर्टवर सेटिंग केलं आणि मग जॅकेट चढवलं, तर दंडाची जाडी बदलते, स्लिंगची लांबी बदलते, आणि मग सगळंच बदलतं.

आपल्याकडे क्लबची एक रायफल तीन-चार मुलांत फिरते. आधीच्याने सोडलेल्या सेटिंगवर आपलं शरीर बसवण्याचा मोह होतो. तो टाळायचा. हँडस्टॉपचा नट सैल करून तो रेलच्या पार पुढच्या टोकाला ढकलून द्या, म्हणजे तो वाटेत येणार नाही. स्लिंग रायफलीपासून सोडवून ठेवा.

आधी नुसतं झोपायचं

मॅटवर पोटावर झोपा. शरीर टार्गेटच्या रेषेत सरळ नको. पाय थोडे डावीकडे जातील इतकं तिरकं. डावा पाय पाठीच्या कण्याच्या रेषेत सरळ, उजवा गुडघा वर ओढलेला. उजवा गुडघा असा वर घेतला की शरीर डाव्या कुशीवर किंचित कलतं, पोट आणि छातीची उजवी बाजू जमिनीवरून सुटते. श्वास मोकळा होतो आणि हृदयाचे ठोके जमिनीवर आपटून रायफलीत परत येणं कमी होतं.

डावं कोपर पुढे टेकवा. ते रायफलीच्या बरोबर खाली हवं असं जुन्या पुस्तकांत सांगितलेलं असतं. बहुतेकांना ते थोडं डावीकडेच बरं वाटतं आणि त्यात काही चूक नाही. कोपराचं टोक रुतत असेल तर टोकापासून जरासं आतल्या अंगाला वजन घ्या. मिनिटभर असेच पडून राहा. मान आखडली, पाठीत ओढ बसली तर ते आत्ताच सुधारायचं. रायफल आल्यावर अशा तक्रारी झाकल्या जातात, मिटत नाहीत.

बट

आता सोबत्याला रायफल हातात द्यायला सांगा. उजवा हात ग्रिपवर, बट प्लेट खांद्याच्या खळग्यात, मानेच्या जवळ. डोकं सरळ पुढे जाऊन गाल चीकपीसवर टेकायला हवा. डोकं मागे खेचावं लागत असेल किंवा मान लांबवून साईटपर्यंत जावं लागत असेल, तर बटची लांबी बदला. बटची लांबी ठरल्याशिवाय हँडस्टॉपकडे जायचं नाही, कारण वर पाहिलंच आहे. ही लांबी अंदाजाने ठरली तरी आत्तापुरतं चालतं. नंतर तिच्यात दोन-चार मिमीचा बदल होतोच.

हाताची जागा

आता खरं काम. रायफलीचा पुढचा भाग डाव्या तळहातावर टेकवा. सोबत्याने नळीकडून रायफलीला थोडा आधार द्यावा, म्हणजे तुम्हाला वजनाची चिंता राहणार नाही. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधली बेचकी पुढच्या दिशेला, मनगट सरळ, तळहात सपाट. रायफलीचं वजन तळहाताच्या मांसल भागातून थेट मनगटाच्या हाडांवर उतरलं पाहिजे. बोटांवर आलं की बोटं ते धरायला जातात. बोटं मोकळी, किंचित वाकलेली, कशालाही न आवळणारी.

डोळे मिटा आणि हात रेलखाली पुढेमागे सरकवा. फार पुढे नेला की कोपर उघडतं, रायफल खाली बसते आणि खांदा ताणला जातो. फार मागे आणला की हात उभा होतो, रायफल उंच जाते आणि डुलते. या दोन्हींच्या मध्ये एक जागा अशी सापडते की खांदा सैल राहतो आणि हात तिथे ठेवण्यासाठी काहीच करावं लागत नाही. उंच, लांब हातांच्या मुलाची ही जागा पुढे असते, आखूड हातांच्या मुलीची मागे. शेजारच्या पॉइंटवरच्या माणसाची जागा बघून इथे काही शिकण्यासारखं नाही.

ती जागा सापडली की हात हलवू नका. सोबत्याने हँडस्टॉप पुढून मागे सरकवत आणायचा आणि तुमच्या बेचकीला अलगद टेकला की थांबायचं. नट आवळायचा. पेन्सिलीने रेलवर खूण करायची. ठोकळा हाताला दाबतोय असं जाणवलं तर एक-दोन मिमी पुढे घ्या; स्लिंग लागल्यावर दाब येणारच आहे.

बऱ्याच हँडस्टॉपना स्वतःभोवती थोडं फिरवता येतं. ही सोय फार जण वापरत नाहीत, खरं तर ती मोलाची आहे. बेचकी रायफलीला काटकोनात कुणाचीच नसते. ठोकळ्याची कड बेचकीच्या तिरकसपणाला जुळेल एवढी फिरवली की दाब सगळीकडे सारखा वाटला जातो. ही कड एका ठिकाणी रुतली, तर विसाव्या गोळीला अंगठा बधिर होतो आणि मग नेमबाज हात हलवतो. हात हलला की पहिल्या वीस गोळ्यांचं सेटिंग गेलं.

स्लिंग

नियमाप्रमाणे पट्टा ४० मिमीहून रुंद नको. तो फक्त दंडावर बांधायचा, रायफलीला एकाच ठिकाणी जोडायचा आणि हाताच्या किंवा मनगटाच्या एकाच बाजूने न्यायचा. तो दंडाच्या वरच्या भागात, खांद्याच्या स्नायूखाली घेतात. दंडाच्या आतल्या बाजूने मोठी धमनी जाते. पट्टा तिच्यावर आवळला तर पुढच्या साईटमध्ये प्रत्येक ठोका दिसतो: काळा गोळा उडी मारतो, परत येतो, परत उडी मारतो. अशा वेळी दंडावरची कडी बाहेरच्या अंगाला फिरवा, पट्टा थोडा वर किंवा खाली घ्या. जॅकेटच्या बाहीवर पट्टा घसरू नये म्हणून एक हूक किंवा लूप लावायला परवानगी आहे. ते जरूर वापरा.

स्लिंग कडीत अडकवा, सैल भोकावर. आता सोबती बाजूला होईल आणि रायफल तुमच्या हातावर येईल. ती खाली बसेल. बसू द्या. मग एकेक भोक आवळत जा. प्रत्येक भोकानंतर डाव्या हाताचे स्नायू जाणीवपूर्वक सोडा आणि रायफल आणखी खाली जाते का पाहा. जाणं थांबलं की पट्ट्याने वजन घेतलं. त्याच्यापुढे आणखी एखादंच भोक. पट्टा जेवढा घट्ट तेवढी रायफल स्थिर, असं मानून काही मुलं हात निळा पडेपर्यंत आवळतात. इतक्या ताणात रक्त अडतं, ठोका जास्त जाणवतो आणि तासाभराची मॅच निघत नाही.

पट्टा आणि हँडस्टॉप एकमेकांना बांधलेले आहेत हे इथे लक्षात घ्यायचं. पट्ट्याची लांबी तीच ठेवून हँडस्टॉप पुढे सरकवला, तर कडी दंडापासून दूर जाते, पट्टा ताणला जातो आणि रायफल खांद्यात जास्त जोराने दाबली जाते. मागे आणला तर पट्टा ढिला पडतो. म्हणून हँडस्टॉप पुढे नेताना स्लिंग थोडी सोडायची, मागे आणताना आवळायची. एक बदलून दुसरं तसंच ठेवलं, तर नेमका कशाचा परिणाम दिसतोय ते कळत नाही. बटवरचा दाब कमी वाटला की बरेच जण खांदाच पुढे लोटतात. खांदा जागेवर राहू द्या आणि हँडस्टॉप दोन मिमी पुढे नेऊन बघा.

हे झाल्यावर परीक्षा घ्या. उजवा हात ग्रिपवरून पूर्ण काढा. रायफल खांद्यात जागेवरच राहिली, नळी टार्गेटच्या आसपास टिकली, तर पट्टा आणि हँडस्टॉप आपलं काम करत आहेत. बट खांद्यातून निसटायला लागलं तर ताण कमी आहे.

तीस अंश

प्रोनमध्ये डाव्या हाताचा कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग जमिनीशी किमान ३० अंशांचा कोन करून हवा. त्याहून सपाट झोपलात तर पंच उठवतात, आणि तेही मॅचमध्ये, जमलेली पोझिशन मोडून. खाली झोपणं स्थिर वाटतं, त्यामुळे सगळ्यांचा कल तिकडेच असतो. सोबत्याने बाजूने, जमिनीच्या पातळीवरून फोटो काढावा. किंवा मोबाइलमधलं कोन मोजायचं ॲप उघडून फोन हाताच्या रेषेत धरावा. ३० च्या अगदी काठावर राहू नका. मॅच लांबली की शरीर खाली बसतं, पट्टा थोडा घसरतो आणि सकाळचे ३१ अंश दुपारी २९ होतात. दोन-तीन अंशांची मोकळीक ठेवा.

कोन कमी निघाला तर हँडस्टॉप ५ मिमी मागे, पट्टा त्याप्रमाणे आवळा, पुन्हा मोजा. याच वेळी बाकीचंही पाहून घ्या: दोन्ही हातांचा कोपरापुढचा भाग, बाहीसकट, जमिनीवरून स्पष्ट उचललेला दिसला पाहिजे, आणि चीकपीसवरचा गाल वगळला तर रायफल दोन हात व एक खांदा सोडून कशालाही टेकता कामा नये. हँडस्टॉप आणि कडीची जागा वगळता रायफल पट्ट्याला घासत नाही ना, तेही बघा. हँडस्टॉप फार मागे आला की हे घासणं सुरू होतं.

डोळे मिटून नेम

चीकपीस आणि मागची साईट आता जुळवा, आधी नाही. हात उंचावला की डोकं बदलतं, त्यामुळे क्रम उलटा केला तर दोनदा काम पडतं.

नेम घ्या. डोळे मिटा. दोन श्वास घ्या, दुसरा अर्धवट सोडून थांबा, डोळे उघडा. टार्गेट साईटच्या मध्यात असेल तर शरीर आपणहून तिकडे बघतंय. उजवीकडे किंवा डावीकडे असेल तर हातांनी ढकलून आणायचं नाही. डावं कोपर तिथेच रोवून बाकीचं शरीर कंपासच्या पायासारखं फिरवा: नळी डावीकडे हवी तर कंबर आणि पाय उजवीकडे. नळी वर हवी तर शरीर किंचित मागे, खाली हवी तर किंचित पुढे.

श्वासाबरोबर नळी कशी हलते तेही पाहा. श्वास आत घेतला की छाती वर येते आणि नळी खाली जाते, सोडला की वर येते. ही रेघ उभी आणि सरळ हवी. ती तिरकी असेल तर पट्टा रायफलीला एका बाजूला ओढतो आहे, आणि हँडस्टॉप फिरवून किंवा कोपर थोडं सरकवून ती सरळ होते. हे तपासायला एकही गोळी लागत नाही, तरी फार थोडी मुलं ते करतात.

वरखाली जुळवण्यासाठी रोज शरीर पुढेमागे सरकवावं लागत असेल, तर हँडस्टॉपची जागा चुकली आहे. पण नवीन रेंजवर एखादा दिवस असं झालं तर लगेच ॲलन की काढू नका. टार्गेटच्या उंचीत नियमांनी थोडी सूट दिलेली आहे. बालेवाडीच्या रेंजवर जुळलेली उंची दुधाळीच्या किंवा वरळीच्या रेंजवर तंतोतंत तशीच मिळेल असं नाही. एवढा फरक शरीरानेच घ्यायचा.

गोळ्या काय सांगतात

आता दारूगोळा बाहेर काढा. साईट जुळवून दहा-दहा गोळ्यांचे ग्रूप मारा. टार्गेटकडे बघण्याआधी रायफलीकडे बघा: गोळी सुटल्यावर साईट वर उडते आणि कुठे परत येते? जिथे होती तिथेच परत आली तर पोझिशन जमली. पॉइंट २२ चा धक्का छोटा असतो, पण खोटं बोलत नाही. दर वेळी उडून डावीकडे उतरत असेल तर हात किंवा पट्टा कुठेतरी जोर करतो आहे.

ग्रूप उभा, लांबट झाला तर आधी श्वास थांबवण्याची जागा तपासा. दर वेळी वेगळ्या ठिकाणी थांबलं की असाच ग्रूप येतो. श्वास ठीक असेल तर पट्टा ढिला आहे, किंवा हात हँडस्टॉपला नीट टेकलेला नाही आणि दर गोळीला थोडा मागेपुढे होतो आहे. ग्रूप आडवा पसरला तर हँडस्टॉपला हात लावू नका. शरीराची दिशा आणि डावं कोपर बघा. सर्वांत फसवा प्रकार म्हणजे गोळ्या चांगल्या पडतात, ग्रूपही लहान असतो, पण तो हळूहळू खाली सरकत जातो. त्यावर मुलं साईट वर-वर करत राहतात. खरं तर दंडावर पट्टा घसरत असतो. साईट फिरवण्यापेक्षा जॅकेटचा हूक बघा.

आणि वारा. ५० मीटरची रेंज बहुधा उघडी असते. पॉइंट २२ ची गोळी वाऱ्याने सहज सरकते. झेंडे बघितल्याशिवाय ग्रूपवरून पोझिशनचा निकाल देऊ नका. शक्यतो सकाळी, वारा पडलेला असताना हे काम करा.

बदल एका वेळी एकच, आणि ५ मिमीपेक्षा मोठा नको. ५ मिमी ऐकायला किरकोळ वाटतं, पण पट्ट्याच्या ताणात आणि नळीच्या उंचीत ते लगेच कळतं. एका दिवसात दोन बदलांच्या पुढे जाऊ नका. तिसऱ्या बदलापर्यंत शरीर थकलेलं असतं आणि जे बरं वाटतं ते थकव्यामुळे वाटतं.

डायरीत काय लिहायचं

रेलवरचा आकडा लिहा, पण त्याच्याशेजारी टेपने मोजलेलं बट प्लेटपासून हँडस्टॉपपर्यंतचं अंतर लिहा. हे अंतर दुसऱ्या रायफलीवरही उपयोगी पडतं, नुसता आकडा पडत नाही. पट्ट्याचं भोक, दंडावरच्या कडीची जागा, हँडस्टॉपचा तिरकसपणा, हाताचा कोन. कुठलं जॅकेट होतं तेही. नवं जॅकेट कडक असतं. वर्षभरात नरम पडतं आणि पट्टा जास्त रुततो, त्यामुळे तेच भोक ढिलं वाटायला लागतं. क्लबच्या रायफलीवर प्रत्येकाने वेगळ्या रंगाच्या टेपची बारीक पट्टी रेलवर लावली तर भांडणं वाचतात. पेन्सिलीची खूण घामाने पुसली जाते.

वाढीच्या वयातल्या मुलांचं सेटिंग टिकत नाही. सुट्टीवरून परत आलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला जुन्या खुणेवर बसवायचा हट्ट धरू नका. मॅटवर नुसतं झोपण्यापासून पुन्हा सुरुवात करा. आई-बाबांना हे सांगून ठेवावं लागतं, नाहीतर ‘एवढे पैसे भरून सेटिंग केलं होतं, मग बिघडलं कसं’ अशी विचारणा होते.

नीलिंग आणि स्टँडिंग

तीन पोझिशन खेळणाऱ्यांना प्रोनची खूण एकटी पुरत नाही. नीलिंगमध्ये डावं कोपर गुडघ्यावर टेकतं, आणि त्यालाही मर्यादा आहे: गुडघ्याच्या टोकापुढे १०० मिमी, मागे १५० मिमी. रायफल उंच लागते, त्यामुळे बहुतेकांचा हँडस्टॉप प्रोनपेक्षा मागे येतो. त्याची जागा शोधायची रीत तीच: आधी हात, मग ठोकळा, मग पट्टा. रेलवर दुसऱ्या रंगाची खूण. पात्रता फेरीत पोझिशन बदलायला वेगळा वेळ मिळत नाही, तो एकूण वेळेतूनच जातो. त्यामुळे खुणेवर हँडस्टॉप सरकवणं, नट आवळणं आणि पट्ट्याचं भोक बदलणं हे घरी रायफलीशिवायही मनात घोकलेलं असावं.

स्टँडिंगला स्लिंग चालत नाही. तिथे हँडस्टॉपच्या जागी पाम रेस्ट येते, रायफलीखाली उतरणारा टेकू. लांबून पाहिलं तर ती सिनेमातल्या त्या उभ्या मुठीची बहीण वाटेल, पण तीही आवळायची नसते. डावं कोपर कंबरेच्या हाडावर टेकतं आणि तिथून हात सरळ वर उभा राहतो. तो जितका कमी पडेल तितकी पाम रेस्टची उंची. पुढेमागे तिची जागा रायफलीच्या तोलावर ठरते. तोल हाताच्या थोडा पुढे पडला की नळी शांत राहते, फार पुढे पडला की पाठ मोडते. वजनाची मर्यादा ८ किलोची आहे आणि त्यात पाम रेस्टही मोजली जाते. पुढे जास्तीचं वजन लावायच्या आधी रायफल काट्यावर ठेवून बघा.

मॅचच्या आदल्या दिवशी सगळे नट एकदा तपासा. प्रवासात रायफल केसमध्ये हादरते आणि हँडस्टॉपचा नट हळूच सैल होतो. मॅचमध्ये तो पाच-दहा गोळ्यांनी सरकायला लागतो, आणि नेमबाज मात्र वारा, श्वास, दारूगोळा अशा सगळ्यांवर संशय घेत बसतो. तपासायला ॲलन की खिशातच ठेवा, किट बॅगच्या तळाशी नको.